जीन्स पँट, जीपान आणि आजोबांची पाटलोण

कपड्यांच्या दुकानात शिरून "दादा, जीन्स पँट दाखवा" असं म्हणताना आपल्याला काही खटकत नाही. खरं तर जीन्स म्हटलं की पँट आलीच, जीन्सचा फेटा कुणी बांधत नाही. तरी हा जोडशब्द आपल्या जिभेवर पक्का बसलाय, आणि गावाकडे तर तो "जीनपँट" असा एकजीवच होऊन जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी लोकांनी अगदी हेच केलं. फक्त त्यांनी एक पाऊल पुढे जाऊन दोन्ही शब्दांच्या शेपट्या छाटल्या. उरला तो शब्द म्हणजे जीपान.

यातली "जी" लांबवायची, "पा" आखूड ठेवायचा आणि शेवटचा "न्" नीट ऐकू येईल असा म्हणायचा. अर्थ साधा आहे : जीन्स. पण आज टोकियोत कुणी सहज बोलता बोलता जीपान म्हणालं, की समोरचा मनातल्या मनात त्याचं वय काढतो. त्याच कपड्याला मधल्या पिढीतला माणूस "जीन्झु" म्हणेल आणि विशीतली मुलगी "देनिमु". जपानीत अशा मागे पडलेल्या शब्दांना "शिगो" म्हणतात, म्हणजे मेलेला शब्द. मासिकांतून शिगोंच्या याद्या निघतात आणि त्यांत जीपान हटकून असतो. बिचारा अजून पुरता मेलेला नाही, पण तिरडीची तयारी सुरू आहे.

कपडा तोच, निळा रंग तोच, खिशाच्या कोपऱ्यावरची तांब्याची टिकलीही तीच. मग नावं का बदलत गेली? हे समजायचं तर जपानी भाषा परक्या शब्दाला घरात घेताना त्याचं काय करते ते आधी पाहायला हवं.

मराठी माणसाला हे समजावणं तुलनेने सोपं आहे, कारण शाळेत वृत्तं शिकताना आपण लघु-गुरू मोजलेले असतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. जपानी कान जवळजवळ अशाच मात्रा मोजतो. आखूड अक्षराची एक, लांब स्वराच्या दोन आणि शेवटी येणाऱ्या "न्" ची स्वतंत्र एक. शिवाय "न्" सोडला तर जपानी शब्द सहसा व्यंजनावर संपत नाही, म्हणून परक्या शब्दाच्या शेवटी "उ" किंवा "ओ" चिकटवावा लागतो. "जीन्स" चं होतं जी-न्-झु, चार मात्रा. "पँट्स" चं पा-न्-त्सु, तीन मात्रा. दोन्ही मिळून सात. रोजच्या बोलण्यात एवढी लांब गाडी परवडत नाही. मग जपानी लोक त्यांचा आवडता उपाय करतात : पहिल्या शब्दाच्या पहिल्या दोन मात्रा घ्यायच्या, दुसऱ्याच्या पहिल्या दोन घ्यायच्या, बाकी फेकून द्यायचं. जी अधिक पान्. गुरू-गुरू. चार मात्रांचं सुबक मडकं तयार.

या साच्यातून किती शब्द निघाले त्याला गणती नाही. पर्सनल कॉम्प्युटरचा झाला "पासोकोन", रिमोट कंट्रोलचा "रिमोकोन", एअर कंडिशनरचा "एआकोन". तुमच्या घरातल्या पोराला माहीत असलेला पोकेमॉन म्हणजे पॉकेट मॉन्स्टर, तोही याच मडक्यातला. आपण महानगरपालिकेचं "मनपा" करतो तेव्हा प्रत्येक तुकड्याचं एकेक अक्षर उचलतो, जपानी दोन-दोन मात्रा उचलतात, एवढाच फरक. आणि असा शब्द तयार झाला की तो इंग्रजी राहत नाही. लंडनच्या दुकानात जाऊन जीपान मागितली तर कुणाला कळणार नाही. कच्चा माल परदेशी, कारखाना जपानी. अशा शब्दांना जपानीत नावही तसंच आहे : "वासेइ एइगो", म्हणजे जपानी बनावटीची इंग्रजी.

छाटणी झाल्यावर "पान" हा तुकडा चलनी नाण्यासारखा फिरू लागला. चिनो कापडाची पँट ती "चिनोपान", आखूड ती "तानपान", समुद्रात पोहताना घालायची ती "काइपान". यातले "तान" आणि "काइ" हे चिनी वळणाचे जुने जपानी तुकडे आहेत, म्हणजे अर्धा शब्द चिनी आणि अर्धा कापलेला इंग्रजी. गंमत अशी की नुसतं "पान" म्हटलं तर जपानीत त्याचा अर्थ पाव. तो पोर्तुगीज "पाँव" वरून आला, आणि आपला पावही तिथूनच आला. म्हणून जपानी पोरांचं एक जुनं कोडं आहे : पान असूनही खाता येत नाही असा पान कोणता? ठरलेलं उत्तर "फुराइपान", म्हणजे फ्राइंग पॅन. पण एखादं चलाख पोर जीपानही म्हणतं आणि तेही उत्तर चालतं.

आता हा शब्द कुठे जन्मला ते पाहू. ऑगस्ट 1945 मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि एप्रिल 1952 पर्यंत देश अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांच्या ताब्यात होता. शहरं जळालेली, कापडाला रेशन. टोकियोच्या उएनो स्टेशनाजवळ, रेल्वेच्या उंच रुळांखाली आणि आजूबाजूला एक काळाबाजार उभा राहिला. त्याचं नाव आमेयोको. "आमे" म्हणजे गोळ्या-मिठाई, साखरेच्या टंचाईत तिथे ती मिळायची म्हणून हे नाव पडलं असं काही सांगतात. "आमे" म्हणजे अमेरिकेचं आखूड रूप, असं दुसरे सांगतात. तिथे अमेरिकी सैनिकांच्या छावण्यांतून बाहेर आलेला माल आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे विकायला येत. त्या गठ्ठ्यांत निळ्या जाड कापडाच्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या विजारी सापडू लागल्या. फौजेची वर्दी नव्हे, सुटीच्या दिवशी सैनिक घालायचे त्या.

दुकानदाराला काहीतरी म्हणून ओरडायला हवं होतं. इथे दोन कथा आहेत. एक म्हणजे वर सांगितलेली : जीन्स आणि पँट्स जोडून छाटले. दुसरी अशी की अमेरिकी सैनिकाला "जीआय" म्हणत, त्याची पँट ती जीआय-पँट, आणि त्याची झाली जीपान. पुष्कळ जपानी लोक हा शब्द लिहितानाही सुरुवातीला रोमन लिपीतलं "जी" हे एकच अक्षर घालतात आणि पुढे "पान" जपानीत लिहितात, त्यामुळे दुसऱ्या कथेला बळ मिळतं. मला विचाराल तर हा वाद मिटवण्याची गरजच नाही. बाजारात ओरडणारा व्युत्पत्तिकोश उघडून ओरडत नाही. दोन वाटांनी आलेले दोन आवाज एकाच ठिकाणी मिळाले आणि म्हणूनच शब्द एवढा पक्का रुजला, असं मला वाटतं.

सुरुवातीला जीपान हा सभ्य घरातला शब्द नव्हता. त्याला जेत्यांचा, काळ्याबाजाराचा आणि पुढे अमेरिकी सिनेमातल्या बंडखोर पोरांचा वास होता. अपवाद एक सांगतात : शिरासु जिरो. केंब्रिजला शिकलेला, अमेरिकी सत्ताधाऱ्यांशी वाटाघाटी करणारा हा बडा माणूस 1951 च्या सुमारास जीन्समध्ये पाय पसरून बसलेला फोटोत दिसतो, आणि जपानात जीन्स घालणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं. 1973 मध्ये मात्सुदा युसाकु या नटाने टीव्हीवरच्या एका गाजलेल्या पोलीस मालिकेत जीन्स घालणारा तरुण अधिकारी रंगवला. त्याचं टोपणनावच जीपान होतं, आणि तेव्हापासून या शब्दाला रुबाब आला. तरी 1977 मध्ये ओसाका विद्यापीठात एका शिक्षकाने जीन्स घातलेल्या मुलीला वर्गातून बाहेर काढलं आणि वर्तमानपत्रांतून "जीपान वाद" रंगला. तो शिक्षक अमेरिकन होता. ज्यांनी कपडा आणला त्यांच्यातल्याच एकाला तो वर्गात नको होता.

जीपान येण्याआधी जपानी माणूस पँटला काय म्हणत होता? "झुबोन". माझ्या जपानीच्या पहिल्या पुस्तकातही हाच शब्द होता, आणि त्याच्याबरोबर "हाकु" हे क्रियापद. आपण साडी नेसतो, धोतर नेसतो, पण सदरा घालतो. "पँट नेसली" म्हटलं तर लोक हसतील. जपानीतही असा भेद आहे, पण कसोटी वेगळी. अंगात घालायचं त्याला एक क्रियापद, डोक्यावर घालायचं त्याला दुसरं, आणि पायांतून वर चढवायचं ते सगळं, म्हणजे पँट, स्कर्ट, मोजे, बूट, "हाकु". आपल्याकडे शिवलेलं की गुंडाळलेलं ते महत्त्वाचं, त्यांच्याकडे कुठून चढलं ते.

बहुतेक कोश झुबोनचं मूळ फ्रेंच "ज्युपाँ" मध्ये मानतात. ज्युपाँ म्हणजे बायकांचा आतला परकर! 1867 मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, फौजेला कवायत शिकवायला फ्रेंच अधिकारी आले होते, आणि शब्दही त्याच धामधुमीच्या काळातला. परकराची विजार कशी झाली हे कोडंच आहे. दुसरी लोककथा म्हणते की पाय "झुबोन्" असा आवाज करत आत जातो म्हणून झुबोन. आपल्याकडे कुणी "पाय झुपकन आत गेला म्हणून झुपका" म्हणावं तसं. पण ज्युपाँचं मूळ आणखी मागे नेलं तर ते अरबी "जुब्बा" पाशी पोचतं, आणि तो जुब्बा आपल्याही दोरीवर वाळत असतो. मराठी जुब्बा आणि जपानी झुबोन हे असे लांबचे चुलतभाऊ निघतात, एकाने कमरेच्या वरचा भाग घेतला आणि दुसऱ्याने खालचा.

त्याहीआधी, सोळाव्या शतकात, जपानीत "कारुसान" आला. गुडघ्यापर्यंत फुगीर आणि खाली निमुळती विजार. मूळ पोर्तुगीज "काल्साँव". पोर्तुगीजांनी गोवा 1510 मध्ये घेतलं, 1543 मध्ये ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि 1571 पासून नागासाकी हे त्यांचं बंदर झालं. गोव्यातून निघालेलं जहाज मलाक्का आणि मकावमार्गे तिथे जाई. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून मलाक्कामार्गे कागोशिमाला उतरले होते. त्या काळच्या जपानी चित्रपडद्यांवर फुग्यासारख्या विजारी घातलेले उंच नाकाचे परदेशी रंगवलेले आहेत, आणि चित्रकाराला त्यांच्या विजारींचीच जास्त मौज वाटली असावी असं ते पडदे पाहून वाटतं. तोच पोर्तुगीज शब्द गोव्याच्या कोंकणीत "कालसांव" म्हणून राहिला. एकाच बंदरातून सुटलेल्या शब्दाने एका टोकाला कारुसान आणि दुसऱ्या टोकाला कालसांव असं रूप घेतलं. जपानातला कारुसान पुढे शेतकऱ्या-कामकऱ्यांचा झाला आणि कालांतराने विसरला गेला.

साठीच्या दशकाच्या शेवटी जपानात आणखी एक शब्द मोठा झाला, "पांतारोन". खाली घंटेसारखी पसरणारी, आपण जिला बेलबॉटम म्हणतो ती पँट. आपली पाटलोणही त्याच घरची, दोघींचं मूळ पँटलून. पण नशीब पाहा : पाटलोण म्हणताच कोटाखाली ढगळ पँट घातलेले कचेरीतले आजोबा डोळ्यांपुढे येतात, आणि पांतारोन म्हणताच केस वाढवलेली, गिटार घेतलेली पोरं. आज दोन्ही शब्द बोलणाऱ्याचं वय सांगतात.

आता सगळ्यांत अवघड जागेचं दुखणं : "पान्त्सु". जपानीत हा शब्द आधी आतल्या चड्डीसाठी रूढ झाला होता. मग फॅशनच्या मासिकांना झुबोन जुनाट वाटू लागला आणि त्यांनी बाहेरच्या पँटलाही पान्त्सु म्हणायला सुरुवात केली. गोंधळ ठरलेलाच. जपानी तरुणांनी त्यावर उपाय काढला तो सुराचा. "पा" वर आवाज चढवून पुढे खाली आणला तर अर्थ आतली चड्डी. आवाज सपाट ठेवला तर अर्थ पँट. लिहिताना दोन्ही सारखेच. जुन्या पिढीला हा सपाट सूर जमत नाही, म्हणून सुनेने "हे नवे पान्त्सु कसे आहेत?" विचारलं की सासरेबुवा खिडकीबाहेर पाहतात. आपल्याला यावर हसायचा अधिकार नाही. शाळेची खाकी चड्डी आणि आतली चड्डी यांना आपण एकच शब्द वापरत आलो, आणि सुराचा आधारही घेतला नाही. जीन्सच्या बाबतीत मात्र या भानगडीचा एक परिणाम झाला असावा : ज्या शब्दात "पान" आहे तो शब्दच टाळावा, असं शहरी पोरींना वाटू लागलं. जीन्झु अधिक स्वच्छ, देनिमु त्याहून स्वच्छ.

देनिमु खरं तर कापडाचं नाव. डेनिम हा शब्द फ्रान्समधल्या नीम शहरावरून आला असं मानतात आणि जीन्स इटलीतल्या जिनोआवरून. कापडाच्या नावानेच पँट ओळखली जावी यात नवल नाही, कारण जपानने या कापडाचं वेड फार मनावर घेतलं. ओकायामा प्रांतात समुद्राकाठी कोजिमा नावाचं गाव आहे. समुद्र हटवून मिळवलेल्या तिथल्या खारट जमिनीत भात नीट येत नसे, कापूस तग धरत असे. कापसातून आधी पट्ट्या, मग जपानी पायमोजे, मग शाळेचे गणवेश. साठीत कृत्रिम धाग्याच्या गणवेशांची लाट आली आणि लहान कारखानदार अडचणीत आले. जाड कापड शिवायची यंत्रं आणि हात त्यांच्याकडे होतेच. 1965 मध्ये तिथल्या मारुओ कंपनीने अमेरिकेतून डेनिम मागवून जीन्स शिवायला घेतली; तिचाच पुढे बिग जॉन हा ब्रँड झाला. पण आमेयोकोत मऊ, वापरलेल्या जीपानची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला नवी कोरी पँट पत्र्यासारखी वाटली. म्हणून कारखान्यातच ती आधी धुऊन द्यायची पद्धत आली.

मग कापडही घरी विणलं गेलं. हिरोशिमा प्रांतातली काइहारा ही 1893 पासून निळीचं रंगकाम करणारी पेढी. तिने 1970 मध्ये सुताचे दोर करून रंगवण्याचं यंत्र उभारलं, आणि 1973 मध्ये कुराबो गिरणीचं पूर्ण जपानी डेनिम बाजारात आलं. या रंगवण्यातच जीन्सचं सगळं रहस्य आहे. सुताचा दोर निळीत थोडा वेळ बुडवतात, वर काढून हवा लागू देतात, पुन्हा बुडवतात. निळ सुताच्या पोटापर्यंत पोचत नाही. आतला गाभा पांढराच राहतो, म्हणून घासलं की वरचा निळा थर उडतो आणि पांढरं डोकावतं. बसताना पडणाऱ्या घड्यांनी मांडीवर जे पांढरे फराटे उमटतात त्यांना जपानी लोक "हिगे" म्हणतात, म्हणजे मिशा. जुन्या अरुंद मागावर विणलेल्या कापडाला दोन्ही बाजूंनी बंद किनार येते. आपण साडीला काठ म्हणतो; ते त्याला "मिमि" म्हणतात, म्हणजे कान. लाल दोऱ्याची किनार असेल तर "आकामिमि", तांबडा कान. जीन्सचे शौकीन दुकानात पँटचा पाय उलटा दुमडून हा कान आधी तपासतात, आपल्याकडच्या बायका पैठणी उलटी करून मागची बाजू तपासतात तशा.

नवे शब्द अजून पाडले जात आहेतच. 2015 च्या सुमारास घोट्याच्या वर संपणारी, खूप रुंद पायांची पँट जपानी मुलींनी डोक्यावर घेतली. दक्षिण अमेरिकेतल्या गुराख्यांवरून तिचं नाव "गाउचो". आपल्याकडे त्याच सुमाराला पलाझो आली होती. गाउचो इतकी घेरदार झाली की स्कर्ट वाटावी, तेव्हा स्कर्ट अधिक गाउचो म्हणून "सुकाचो" आली आणि स्कर्ट अधिक पँट म्हणून "सुकान्त्सु". यातले किती टिकतील कोण जाणे. दुकानांनी तर हात टेकून कमरेखालच्या सगळ्या कपड्यांना "बोतोमुसु" अशी एकच पाटी लावून टाकली आहे.

आणि त्याच दुकानात, बोतोमुसुच्या पाटीपासून दोन मांडण्या सोडून, शर्टांच्या रांगेत एक लेबल दिसतं : "दांगारी". डेनिमसारखंच दिसणारं, पण त्याहून पातळ कापड. डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, दांगारीत याच्या उलट. इंग्रजीत डंगरी म्हणजे कामकऱ्यांची जाड पँट किंवा खांद्यापर्यंतचा पोशाख. जपानीत मात्र दांगारी शर्टच झाला. शब्द आला तो मुंबईतल्या डोंगरीवरून, जिथलं जाडंभरडं सुती कापड एकेकाळी जहाजांतून परदेशी जात होतं.